पाटीवरचा मेनू, पाटीवरची उधारी

पॅरिसच्या बिस्त्रोंनी दीडशे वर्षे सांभाळलेले जेवणाचे गणित

दुपारचे साडेबारा वाजले की पॅरिसच्या कोणत्याही वर्दळीच्या रस्त्यावर एक नित्याचे दृश्य दिसते. कोपऱ्यावरच्या लहानशा उपाहारगृहाच्या दाराशी एक काळी पाटी उभी केलेली असते. तिच्यावर खडूने, घाईच्या पण वळणदार अक्षरांत, त्या दिवसाचे पदार्थ आणि त्यांच्या किमती लिहिलेल्या असतात. आसपासच्या कचेऱ्यांतील कर्मचारी, दुकानांतील विक्रेत्या, रंगकाम करणारे कारागीर, एखादे निवृत्त शिक्षक क्षणभर थांबून ती पाटी वाचतात, मनाशी हिशेब करतात आणि आत शिरतात. आत टेबले इतकी जवळजवळ मांडलेली असतात की शेजाऱ्याच्या कोपराला आपले कोपर लागावे. तासाभराने हीच मंडळी गरम जेवण जेवून, कॉफीचा शेवटचा घोट घेऊन, आपापल्या कामाला परत जातात. या लहानशा उपाहारगृहाचे नाव बिस्त्रो.

दाराशी उभ्या असलेल्या त्या पाटीला फ्रेंच भाषेत ‘आर्द्वाझ’ म्हणतात. आर्द्वाझ म्हणजे पाटीचा काळा दगड. गंमत अशी की याच शब्दाला आणखी एक अर्थ चिकटलेला आहे, तो म्हणजे उधारी. ओळखीच्या गिऱ्हाइकाचा हिशेब पूर्वी पाटीवर मांडून ठेवला जाई. त्यामुळे कोणी बिल न चुकवता निघून गेला तर त्याने ‘पाटी मागे ठेवली’ असे फ्रेंच माणूस आजही म्हणतो. आज काय शिजले आहे आणि कोणाकडून किती येणे आहे, या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात सामावल्या गेल्या.

बिस्त्रोचे सारे मर्म या दुहेरी अर्थात आहे. फ्रेंच पाककला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झुंबरे, चांदीचे काटे-चमचे आणि न परवडणारी बिले येतात. पण ज्या जेवणाने पॅरिस शहर जगवले, ते या झगमगाटाबाहेरचे आहे. माफक मिळकतीच्या माणसाला शहरात सन्मानाने बसून जेवता यावे आणि जेवू घालणाऱ्याचाही संसार चालावा, हा तो व्यवहार. पदार्थांच्या चवीइतकाच तो काटकसर, पत आणि विश्वास यांवर उभा राहिला. म्हणूनच त्याची कहाणी केवळ खवय्यांची नाही, हिशेब जाणणाऱ्यांचीही आहे.

शब्दांच्या जन्मकथा

‘रेस्टॉरंट’ हा आज जगभर रूढ झालेला शब्द पॅरिसनेच दिला. अठराव्या शतकात ‘रेस्तोराँ’ हे जागेचे नव्हे, तर एका पदार्थाचे नाव होते. अशक्त माणसाच्या अंगी पुन्हा बळ आणणारे, मांसापासून बनवलेले दाट सूप म्हणजे रेस्तोराँ. १७६० च्या दशकात हे सूप विकणारी दुकाने पॅरिसमध्ये निघाली आणि हळूहळू सुपाचे नाव दुकानाला मिळाले. त्यापूर्वी प्रवाशाला खाणावळीत ठरलेल्या वेळी, सर्वांसाठी मांडलेल्या एकाच टेबलावर, समोर येईल ते खावे लागे. नव्या दुकानांत मात्र स्वतंत्र टेबल, पदार्थांची यादी आणि प्रत्येक पदार्थाची किंमत या तीन सोयी मिळू लागल्या. गिऱ्हाइकाला निवड करण्याचा अधिकार मिळाला. पण तो अधिकार प्रारंभी खिसा भरलेल्यांपुरताच होता.

‘बिस्त्रो’ या शब्दाच्या जन्माविषयी एक रंजक आख्यायिका सांगितली जाते. १८१४ साली नेपोलियनचा पराभव होऊन रशियन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. कोझाक सैनिक उपाहारगृहांत येऊन ‘बिस्त्रो, बिस्त्रो’, म्हणजे रशियन भाषेत ‘लवकर, लवकर’, असे ओरडत आणि त्यावरून हे नाव पडले, असे म्हणतात. मोंमार्त्र टेकडीवरील एका जुन्या उपाहारगृहावर तशी स्मरणफलकवजा पाटीही लावलेली आहे. भाषातज्ज्ञांना मात्र ही कथा मान्य नाही. हा शब्द फ्रेंचमध्ये छापील स्वरूपात प्रथम आढळतो तो १८८४ साली. सत्तर वर्षे हा शब्द कोणाच्याच लेखणीला कसा सापडला नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. आख्यायिका खरी असो वा खोटी, तिच्यातील विसंगती मात्र मनोरंजक आहे. ज्या जागी लोक निवांत बसण्यासाठी जातात, तिचे नाव म्हणे घाईवरून पडले!

कोळसेवाल्यांचे दुकान

बिस्त्रोची खरी मुळे राजवाड्याच्या मुदपाकखान्यात नव्हे, तर कोळशाच्या वखारीत आहेत. फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. जमीन खडकाळ, हिवाळा दीर्घ आणि शेती तुटपुंजी. पोटापाण्यासाठी तेथील माणसे एकोणिसाव्या शतकात पॅरिसला येऊ लागली. प्रारंभी त्यांनी पाणक्याचे काम पत्करले. खांद्यावर बादल्या घेऊन पाच-पाच मजले चढायचे आणि घरोघर पाणी पोचवायचे. पुढे शहरात नळ आले आणि तो धंदा बसला. मग हीच माणसे लाकूड आणि कोळसा विकू लागली. मजले तेच, जिने तेच. खांद्यावर फक्त बादलीऐवजी पोते आले. पॅरिसकरांनी या कोळसेवाल्यांना ‘बुन्या’ असे काहीसे थट्टेचे नाव दिले.

बुन्याचे दुकान म्हणजे एक अंधारी खोली. मागच्या बाजूला कोळशाचा ढीग, पुढच्या बाजूला एक फळी. नवरा पोती पोचवण्यासाठी बाहेर पडला की बायको फळीमागे उभी राहून गिऱ्हाइकांना पेलाभर वाइन देई. दुकानावर पाटी असे ‘वाइन आणि कोळसा’. कोळशाची मागणी नोंदवायला आलेला माणूस पेला रिता करी, थंडीत जरा शेकत बसे. त्याला भूक लागे, म्हणून घरच्यासाठी चुलीवर चढवलेल्या हंडीतील वाढपभर त्यालाही मिळू लागले. हळूहळू कोळशाची खोली आक्रसली आणि जेवणाची वाढली. अशा रीतीने हजारो लहान उपाहारगृहे ओव्हेर्नकरांच्या हाती आली. इराणहून आणि उडुपीहून आलेल्या मंडळींनी मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर उपाहारगृहे उभारली, त्या इतिहासाशी याचे साम्य मराठी वाचकाच्या सहज ध्यानी येईल.

या माणसांपाशी भांडवल नव्हते, पण एकमेकांची पत होती. गावाकडचा होतकरू तरुण पॅरिसला आला की तो आधी एखाद्या भावबंदाच्या दुकानात पडेल ते काम करी. त्याची सचोटी आणि कष्टाळूपणा सिद्ध झाला की त्याच्याच प्रदेशातून आलेला पेयांचा घाऊक व्यापारी त्याला दुकान घेण्यासाठी पैसे देई किंवा त्याच्यासाठी जामीन राही. मोबदल्यात तरुणाने आपला माल त्याच व्यापाऱ्याकडून घ्यायचा. तारण म्हणजे त्याचे गाव, त्याचे घराणे आणि त्याचा शब्द. १८८२ साली या समाजाचे ‘लोव्हेर्न्या द पारी’ हे स्वतंत्र वृत्तपत्रही निघाले. गावाकडच्या वार्तांबरोबरच धंद्याच्या बातम्याही त्यातून कळत.

या वाटचालीचे एक ठळक उदाहरण म्हणजे साँ-जेर्में भागातील सुप्रसिद्ध ‘ब्रासरी लिप’. १८८० साली लेओनार लिप या आल्सासहून आलेल्या गृहस्थाने ती सुरू केली. ब्रासरी म्हणजे मूळची बिअर गाळण्याची जागा. १८७०-७१ च्या युद्धात आल्सास प्रांत जर्मनीकडे गेल्यावर तेथील अनेक कुटुंबे पॅरिसला आली आणि त्यांच्याबरोबर बिअर व आंबवलेल्या कोबीचे पदार्थ देणाऱ्या या मोठ्या, उजळ उपाहारगृहांचा प्रसार झाला. १९२० साली लिप विकत घेतली ती मार्सेलँ काझ या ओव्हेर्नलगतच्या आव्हेरॉनमधून आलेल्या माणसाने. १९३५ मध्ये याच काझ यांनी आपल्या नावाने एक साहित्य पुरस्कार सुरू केला. डोंगराळ खेड्यातून रिकाम्या हाती आलेल्या समाजातील एक माणूस अर्ध्या आयुष्यात लेखकांचा आश्रयदाता झाला, ही गोष्ट पॅरिस शहराविषयी बरेच काही सांगून जाते.

खाटकाचा हिशेब

ओव्हेर्नकरांनी कुटुंबाच्या श्रमावर जे साधले, तेच बातिस्त-आदोल्फ दुवाल या खाटकाने नियोजनाच्या बळावर साधले. श्रीमंत गिऱ्हाइके जनावराचे उत्तम मांस घेऊन जात. चिवट, हाडांजवळचे मांस मात्र दुकानात पडून राही. १८५० च्या दशकात दुवाल यांनी त्यावर तोडगा काढला. हे स्वस्त मांस तासन्‌तास मंद आचेवर उकळायचे. त्याचे सूप आणि शिजलेले तुकडे कष्टकऱ्यांना माफक दरात वाढायचे. सुपाला फ्रेंचमध्ये ‘बुय्यों’ म्हणतात, म्हणून या भोजनालयांचे नावही बुय्यों पडले.

दुवाल यांची पद्धत आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावी अशी होती. दर ठरलेले. वाढण्यासाठी एकसारख्या गणवेशातील स्त्रिया. आत येताच गिऱ्हाइकाच्या हाती छापील कार्ड दिले जाई. जे जे मागवले त्याची त्यावर नोंद होई आणि जाताना ते कार्ड दाखवून गल्ल्यावर पैसे भरायचे. घासाघीस नाही, लबाडीला वाव नाही. एकट्याने येणाऱ्या स्त्रीलाही तेथे निःसंकोच जेवता येई, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. दुवाल यांचे पाहून इतरांनीही बुय्यों काढले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी पॅरिसमध्ये त्यांची रेलचेल झाली.

त्यांपैकी १८९६ साली फ्रेदेरिक आणि कामीय शार्तिए या बंधूंनी सुरू केलेला ‘बुय्यों शार्तिए’ फोबूर मोंमार्त्र रस्त्यावर आजही चालू आहे. उंच छत, मोठाले आरसे, पितळी कठडे असलेले हे दालन १९८९ मध्ये ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित झाले. तेथील भिंतींवर क्रमांक घातलेले लहान लहान लाकडी खण दिसतात. रोज येणारी गिऱ्हाइके आपापला कापडी रुमाल त्यांत ठेवून जात. म्हणजे हा एका परीने जेवणाऱ्याचा लॉकरच! तेथील वाढपी आजही टेबलावरील कागदी आच्छादनावरच पेन्सिलीने मागणी लिहून घेतो आणि जेवण संपल्यावर तेथेच बेरीज मांडतो. हिशेब गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर होतो. शंकेला जागा उरत नाही.

कोंड्याचा मांडा

बिस्त्रोचे पदार्थ पाहिले की काटकसर हीच त्यांची जननी असल्याचे दिसते. उत्तम मांस झटपट भाजून होते. स्वस्त मांसाला मात्र वेळ द्यावा लागतो. म्हणून गृहिणीच्या पद्धतीने सकाळपासून चुलीवर चढवलेल्या हंड्या ही बिस्त्रोची खूण ठरली. पोतोफ म्हणजे गाजर, सलगम आणि लीक या कंदभाज्यांसह उकडलेले गोमांस. बफ बुर्गिन्यों म्हणजे तेच मांस लाल वाइनमध्ये शिजवलेले. ब्लांकेत म्हणजे वासराच्या मांसाचा पांढऱ्या रश्शातील प्रकार. बदकाचे काँफी तर मुळात टिकवणीचा पदार्थ. शीतकपाटे नव्हती तेव्हा मांस चरबीत शिजवून त्याच चरबीत महिनोन्‌महिने ठेवले जाई. कोंड्याचा मांडा करणे म्हणतात, ते हेच.

कांद्याच्या सुपाची कथा अशीच. शहराच्या मध्यभागी ‘ले आल’ हा विशाल घाऊक बाजार होता. एमिल झोला यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत या बाजाराला पॅरिसचे पोट म्हटले. रात्रभर तेथे भाज्या, मांस, मासळी उतरत असे. पहाटे थंडीने गारठलेले हमाल आजूबाजूच्या उपाहारगृहांत शिरून कांद्याचे गरमागरम सूप पीत. वर शिळ्या पावाचा तुकडा आणि त्यावर खरपूस वितळलेले चीज. नाटक पाहून परतणारे धनिकही त्याच टेबलांवर तेच सूप पिण्यास येत. १९६९ साली हा बाजार शहराबाहेर रँझिस येथे हलवला गेला आणि पुढील काही वर्षांत त्याचे लोखंडी मंडप पाडले गेले. बाजार गेला, पण सूप राहिले.

सर्वांत साधा पदार्थ म्हणजे ‘अफ मायोनेझ’, अर्थात उकडलेल्या अंड्यांवर मायोनेझ. या साधेपणामुळे तो मेनूतून अस्तंगत होऊ लागला, तेव्हा क्लोद लेबे या खाद्यसमीक्षकांनी त्याच्या रक्षणासाठी चक्क एक संघटना काढली. मधल्या काळात ती थंडावली होती. २०१८ साली तिचे पुनरुज्जीवन झाले आणि आता या पदार्थाच्या स्पर्धाही भरतात. एका अंड्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण सामान्य माणसाला परवडणारा पहिला घास मेनूवरून पुसला जाऊ नये, हा त्यामागील भाव समजून घेण्याजोगा आहे.

शाकाहारी पाहुण्याने मात्र थोडे सावध असावे. कांद्याचे सूप नावाने निरुपद्रवी वाटले तरी ते बहुधा गोमांसाच्या अर्कात शिजवलेले असते, आणि तळलेले बटाटेही काही ठिकाणी प्राणिज चरबीत तळलेले असतात. व्हिनेग्रेतमधील लीक, किसलेल्या गाजराची कोशिंबीर, दुधा-सायीत भाजलेले बटाटे, नाना प्रकारची चीज, पाव, आणि ज्यांना अंडे चालते त्यांच्यासाठी ऑम्लेट व कॅरॅमल कस्टर्ड एवढ्यांत जेवण होऊ शकते. मागवण्यापूर्वी विचारून घेणे श्रेयस्कर.

बिल मागावे लागते

बिस्त्रोत वागण्याचे काही अलिखित नियम आहेत. आत शिरताच ‘बाँझूर’ म्हणून अभिवादन करणे हा पहिला. त्यावाचून केलेली मागणी उद्धटपणाची समजली जाते. वाढप्याला ‘मस्यू’ म्हणावे; चित्रपटांत ऐकू येणारे ‘गार्सों’, म्हणजे ‘पोऱ्या’, हे संबोधन आता अपमानास्पद मानले जाते. पाव ताटलीत नव्हे, टेबलावरच ठेवतात. पाव आणि नळाच्या पाण्याची सुरई यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. जेवणाची वेळ दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी साडेसातनंतर. मधल्या वेळात अनेक स्वयंपाकघरे बंद असतात.

सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे बिल मागितल्याशिवाय येत नाही. परक्या माणसाला हे दुर्लक्ष वाटते. वस्तुतः तो आदर असतो. न मागता बिल आणणे म्हणजे पाहुण्याला उठायला सांगणे. तुम्ही टेबल घेतले की ते तुमचे. शेजारी गर्दी असली तरी, रिकामा पेला समोर असला तरी. पैसे मात्र चोख. फ्रान्समध्ये उपाहारगृहाबाहेर दरपत्रक लावणे सक्तीचे आहे आणि १९८७ पासून छापील किमतीतच कर व सेवेचा मोबदला समाविष्ट असावा लागतो. वर बक्षिसी ठेवणे सर्वस्वी ऐच्छिक. पाटीवर लिहिलेला आकडा तोच बिलात येतो. अल्प उत्पन्नाच्या माणसाला निर्धास्तपणे आत शिरण्याचे धैर्य देणारी खरी गोष्ट ती हीच.

कुपनाचे अर्थकारण

दुपारच्या या पंगतीला आणखी एक आर्थिक आधार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये कर्मचाऱ्यांना भोजनाची कुपने देण्याची पद्धत रूढ झाली होती. १९६० च्या दशकात ती फ्रान्समध्ये आली आणि सप्टेंबर १९६७ च्या अध्यादेशाने तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. कुपनाच्या किमतीचा पन्नास ते साठ टक्के भार मालकाने उचलायचा, उरलेला कर्मचाऱ्याने. मालकाच्या वाट्याला ठरावीक मर्यादेपर्यंत सामाजिक अंशदानातून सूट. ज्या लहान कचेरीला स्वतःचे उपाहारगृह चालवणे शक्य नव्हते, तिचे उपाहारगृह म्हणजे समोरचा बिस्त्रो झाला. मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत एके काळी सर्रास दिसणारी ‘सोडेक्सो’ची कुपने याच व्यवस्थेची भारतीय भावंडे. ही कंपनीही फ्रेंच. १९६६ साली मार्सेय शहरात स्थापन झालेली. तिचा कुपनांचा व्यवसाय २०२४ मध्ये ‘प्लक्सी’ या नावाने स्वतंत्र झाला.

सरकारच्या करधोरणाचाही या धंद्यावर थेट परिणाम होतो. जुलै २००९ मध्ये उपाहारगृहांतील भोजनावरील मूल्यवर्धित कर १९.६ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आणला गेला. दर उतरावेत, नोकऱ्या वाढाव्यात, अशी अपेक्षा होती. २०१२ मध्ये तो ७ आणि २०१४ मध्ये १० टक्के झाला. महागाईच्या झळा बसू लागल्यावर २०२२ पासून भोजन-कुपने किराणा खरेदीसाठीही वापरण्याची मुभा मिळाली. कुटुंबांना दिलासा मिळाला, पण बिस्त्रोच्या गल्ल्यात येणारा पैसा महादुकानांकडे वळल्याची तक्रार उपाहारगृह-चालकांनी केली. एकाची सवलत ती दुसऱ्याची तूट, याचा प्रत्यय अर्थव्यवहारात असा पदोपदी येतो.

पडझड आणि पालवी

बिस्त्रोची आजची स्थिती सर्वस्वी सुखाची नाही. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये सुमारे दोन लाख कॅफे आणि बिस्त्रो होते असे मानले जाते. आज ही संख्या चाळीस हजारांच्या आसपास सांगितली जाते. दुपारची सुटी आखडली, झटपट खाद्यगृहे आली, जागांची भाडी गगनाला भिडली. ओव्हेर्नकरांची पुढची पिढी शिकून अन्य व्यवसायांत गेली. स्वयंपाकघरात बसून कांदे चिरण्याऐवजी कारखान्यातील तयार पाकिटे गरम करून वाढण्याचा मोहही अनेकांना झाला. त्याला आळा घालण्यासाठी २०१४ मध्ये ‘फे मेझों’, म्हणजे ‘घरी बनवलेले’, हे अधिकृत चिन्ह आले. कच्च्या मालापासून जागेवरच तयार केलेल्या पदार्थालाच ते लावता येते. गोठवलेल्या कच्च्या भाज्या त्यात चालतात, म्हणून टीकाही झाली. पण ग्राहकाला विचारण्यासाठी एक प्रश्न मिळाला.

याच काळात नवी पालवीही फुटली. यीव्ह कांदबोर्द हे ‘क्रिलों’ या आलिशान हॉटेलातील स्वयंपाकी १९९२ साली तेथून बाहेर पडले. शहराच्या दक्षिण टोकाला, जेथे जागा तुलनेने स्वस्त होती, तेथे त्यांनी ‘ला रेगालाद’ नावाचा साधा बिस्त्रो काढला. कौशल्य उंची हॉटेलाचे, टेबले मात्र साधी आणि दर आटोक्यातले. झुंबरांवरचा खर्च वाचवून तो ताटात घालायचा, हे त्यांचे सूत्र. अनेकांनी ते उचलले आणि २००४ मध्ये सेबास्तियाँ देमोराँ या पत्रकाराने या प्रवाहाला ‘बिस्त्रोनोमी’ असे नाव दिले. जुन्या बुय्योंचेही पुनरुज्जीवन झाले. २०१७ मध्ये ‘बुय्यों पिगाल’ आणि २०२१ मध्ये ‘बुय्यों रेप्युब्लिक’ सुरू झाले. त्यांच्या दाराशी तरुणांच्या लांबच लांब रांगा लागतात. दुवाल खाटकाचा हिशेब दीडशे वर्षांनंतरही चुकलेला नाही.

ओव्हेर्नकरांची जागा आता दूरदूरच्या स्थलांतरितांनी घेतली आहे. पॅरिसच्या असंख्य स्वयंपाकघरांत श्रीलंकेतून युद्धामुळे परागंदा झालेले तमिळ, तसेच माली आणि बांगलादेशातून आलेले लोक राबताना दिसतात. फ्रेंच रश्श्याची चव सांभाळणारे हात आता अनेकदा दक्षिण आशियातील असतात. २०२३ साली पॅरिसमधील सर्वोत्कृष्ट पारंपरिक बागेतचा, म्हणजे लांब पावाचा, पुरस्कार श्रीलंकेत जन्मलेल्या तर्शन सेल्वराजा यांना मिळाला. या पुरस्काराबरोबर वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाव पुरवण्याचा मान असतो.

रिकाम्या खुर्च्या

एखाद्या गोष्टीचे मोल ती हिरावली गेल्यावर कळते. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री दहशतवाद्यांनी पॅरिसमध्ये केलेल्या हल्ल्यांत १३० जणांचा बळी गेला. नाट्यगृह आणि क्रीडांगण यांबरोबरच शहराच्या पूर्वेकडील कॅफे आणि उपाहारगृहांबाहेर, पदपथावरच्या टेबलांशी बसलेली माणसेही त्यांचे लक्ष्य ठरली. शुक्रवारची संध्याकाळ, आठवड्याचे काम संपलेले, मित्र जमलेले. त्यानंतरच्या दिवसांत पॅरिसकर जाणीवपूर्वक पुन्हा त्याच पदपथांवर येऊन बसले. ‘मी टेरेसवर आहे’ हे साधे वाक्य निर्धाराचे वाक्य बनले. कॉफीचा पेला समोर ठेवून बसणे हे धैर्याचे कृत्य ठरावे, असे दिवस त्या शहराने पाहिले.

दुसरा आघात महामारीचा. १४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून सर्व कॅफे आणि उपाहारगृहे बंद करण्याचा आदेश अवघे काही तास आधी निघाला. जूनमध्ये ती उघडली, ऑक्टोबरअखेर पुन्हा मिटली, आणि १९ मे २०२१ रोजी निदान बाहेरची टेबले मांडण्याची अनुमती मिळाली. या काळात सरकारने मदतनिधी, कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा भार आणि शासनाची हमी असलेली बँककर्जे अशा तीन टेकूंनी हा व्यवसाय उभा ठेवला. लहान उद्योगांच्या कर्जाच्या नव्वद टक्के रकमेपर्यंत शासन जामीन राहिले. ओव्हेर्नचा घाऊक व्यापारी आपल्या गाववाल्यासाठी जे करीत असे, तेच आता राष्ट्राने केले. ती कर्जे फेडताना पुढे अनेकांची दमछाक झाली, हेही खरे. पण टेकू नसता तर फेडायला कोणी उरलेच नसते.

फ्रेंचांच्या समारंभपूर्वक भोजनाला २०१० मध्ये आणि बागेतच्या कलेला २०२२ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. कॅफे आणि बिस्त्रो यांतील सामाजिक जीवनाचा समावेश २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या सूचीत झाला. हे सन्मान योग्यच आहेत. तथापि बिस्त्रो सूचीत नाव आल्याने जगणार नाही. कोणी तरी पहाटे उठून बाजार करील, हंडी चढवील, परवडेल असा दर लिहील, आणि कोणी तरी कचेरीतून उठून तेथे तासभर बसेल, तरच तो जगेल.

रात्री उशिरा शेवटचे गिऱ्हाईक उठते. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या जातात. दाराशी उभी असलेली पाटी आत आणली जाते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते. दिवसाचा हिशेब मिटतो, पाटी कोरी होते. दुसऱ्या दिवशी बाजारात काय स्वस्त आणि ताजे मिळते, ते पाहून तिच्यावर पुन्हा नवी अक्षरे उमटतात. वाटेने जाणारा कोणी तरी थांबतो, आकडा वाचतो, खिसा चाचपतो, आणि हा आकडा आपल्याला झेपण्यासारखा आहे या समाधानाने दार ढकलतो.